बेळगावहून व्हिसाशिवाय परदेशवारी: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

‘थायलंडला आता व्हिसा लागत नाही’ हे वाक्य हल्ली खडेबाजारातल्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत आणि वडगाव-शहापूरच्या महिला मंडळांतही ऐकू येते, आणि तेवढ्यावर तिकिटे काढून मोकळे होणारेही कमी नाहीत. व्हिसा लागत नाही याचा अर्थ एवढाच, की निघण्यापूर्वी त्या देशाच्या वकिलातीकडे अर्ज करावा लागत नाही. प्रवाशाला आत घ्यायचे की नाही, हे ठरवण्याचा त्या देशाचा हक्क कायम असतो. पूर्वी वकिलातीत होणारी तपासणी आता विमानतळावरच्या खिडकीत होते, आणि त्याहीआधी मुंबई किंवा बेंगळुरूच्या चेक-इन काउंटरवर होते. तिथे एखादा कागद कमी पडला, तर घर पाचशे किलोमीटर मागे राहिलेले असते. मुंबईकर टॅक्सीने घरी माणूस पाठवून कागद मागवू शकतो, आपल्याला ते शक्य नाही. म्हणून सीमाभागातून निघणाऱ्याने प्रत्येक गोष्ट घराचा उंबरठा ओलांडण्यापूर्वीच निकालात काढावी, असे मी आग्रहाने सांगतो.

पहिली पायरी: ‘व्हिसा नको’ म्हणजे नक्की काय, ते देशागणिक पाहणे

ट्रॅव्हल्सवाले तीन वेगवेगळ्या गोष्टींना सरसकट ‘व्हिसा फ्री’ म्हणतात. पहिला प्रकार खऱ्या अर्थाने व्हिसामुक्त प्रवेशाचा. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांसाठी असा प्रवेश दिला आणि ती सवलत पुढे ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवली. कझाकस्तानात १४ दिवस राहता येते. फिलिपिन्सने जून २०२५ पासून पर्यटकांना १४ दिवस दिले आहेत. मॉरिशसही याच गटातले, आणि तिथे आपल्या मंडळींनी एकदा तरी जावे असे मला वाटते, कारण एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर नेलेल्या मराठी मजुरांचे वंशज तिथे आजही गणेशोत्सव साजरा करतात.

दुसरा प्रकार म्हणजे पोहोचल्यावर मिळणारा व्हिसा. मालदीवमध्ये तो ३० दिवसांसाठी विनाशुल्क मिळतो, तर इंडोनेशियात ३० दिवसांसाठी ५,००,००० रुपिया मोजावे लागतात, आणि बालीला जाणाऱ्याला १,५०,००० रुपियांची पर्यटन पट्टी वेगळी भरावी लागते. आकडे पाहून घाबरू नये, रुपिया हे फार हलके चलन आहे. तिसरा प्रकार घरबसल्या संगणकावरून आधी घ्यायच्या परवानगीचा असतो. श्रीलंका आणि केनिया यांचा ‘ईटीए’ आणि व्हिएतनामचा ई-व्हिसा हे यात मोडतात. ही परवानगी हातात नसेल, तर विमान कंपनी मुंबईतच अडवते.

हे नियम कायमचे नसतात, आणि इराणचे उदाहरण या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या देशाने फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतीय पर्यटकांना १५ दिवसांचा व्हिसामुक्त प्रवेश दिला होता. नोकरीचे आमिष दाखवून भारतीयांना तिकडे नेणे आणि पोहोचल्यावर खंडणीसाठी पळवणे असे प्रकार घडल्यावर, २२ नोव्हेंबर २०२५ पासून ही सवलत थांबवण्यात आली. थायलंडने १५ जुलै २०२४ पासून ३० ऐवजी ६० दिवस दिले, आणि पुढच्याच वर्षी ती मुदत कमी करण्याची बोलणी तिथल्या सरकारात सुरू झाली. त्यामुळे मागच्या दिवाळीत जाऊन आलेल्या शेजाऱ्याचा अनुभव हा पुरावा मानू नये. तिकीट काढण्याच्या दिवशी एकदा आणि निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा त्या देशाच्या वकिलातीचे संकेतस्थळ स्वतः उघडून पाहावे.

नेपाळ आणि भूतान: जवळचे, पण गैरसमजांनी भरलेले

आपल्याकडच्या पुष्कळ कुटुंबांची पहिली परदेशवारी पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथाची असते, आणि सर्वांत जास्त फसगतही याच वाटेवर होते. नेपाळला जाण्यासाठी भारतीयाला व्हिसा लागत नाही आणि पासपोर्टही अनिवार्य नाही. त्याऐवजी निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र चालते. आधार कार्ड मात्र सरसकट चालत नाही. १५ वर्षांखालील मुले आणि ६५ वर्षांवरील ज्येष्ठ यांनाच आधार, पॅन, वाहन परवाना, रेशन कार्ड यांसारखा वय आणि ओळख सिद्ध करणारा छायाचित्राचा कागद पुरतो. १५ ते १८ वयाच्या मुलांना शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेले ओळखीचे प्रमाणपत्र चालते. ते परीक्षेच्या किंवा सुट्टीच्या दिवसांत मिळवणे अवघड जाते, म्हणून शाळा सुटण्यापूर्वीच घेऊन ठेवावे.

माझ्या आत्याच्या बाबतीत जे घडले, ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. खानापूर तालुक्यातून निघालेल्या यात्रेच्या गटात ती होती, आणि ‘आधार असले की झाले’ असे यात्रा नेणाऱ्याने सगळ्यांना सांगितले होते. मुंबईत काउंटरवरच्या मुलीने तिचे आधार कार्ड हातात घेतले, जन्मतारीख पाहिली आणि बोटांवर मोजून सांगितले, की पासष्ट पूर्ण व्हायला चार महिने कमी आहेत. मतदार ओळखपत्र घरी, देवघराशेजारच्या कपाटात. भाच्याने त्याचा फोटो काढून मोबाईलवर पाठवला, पण मूळ कार्डाशिवाय चालणार नाही असे उत्तर मिळाले. बाकीचे एकोणीस जण काठमांडूला गेले, आणि आत्या रात्रीच्या बसने परत आली. तेव्हापासून आमच्या घरात कोणीही नेपाळचे नाव काढले, की आधी मतदार कार्ड टेबलावर ठेवायला सांगतात.

नेपाळात खर्चासाठी शंभराच्या नोटा बरोबर ठेवणे सोयीचे. २०१८ साली त्या देशाने शंभरापेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती, आणि तिथले काही दुकानदार मोठी नोट पाहून आजही का-कू करतात.

भूतानलाही व्हिसा नाही, पण प्रवेश परवाना लागतो. तो किमान सहा महिने मुदत उरलेल्या पासपोर्टवर किंवा मतदार ओळखपत्रावर मिळतो. आधार तिथे अजिबात चालत नाही, आणि लहान मुलांसाठी जन्मदाखला लागतो. शिवाय भारतीयांना दर माणशी दर रात्री १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावे लागते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ते निम्मे आहे आणि सहा वर्षांखालील मुलांना माफ आहे. चौघांच्या कुटुंबाने पाच रात्रींचा बेत आखताना हा आकडा हॉटेलच्या भाड्याइतक्याच गांभीर्याने धरावा, कारण स्वस्तातल्या पॅकेजच्या जाहिरातीत तो बहुधा नसतो.

पासपोर्ट, आणि आपल्याकडचा नावांचा गुंता

नेपाळ-भूतान सोडून अन्य कुठेही जायचे तर पासपोर्ट हवाच. बेळगावात टपाल खात्याच्या आवारात पासपोर्ट सेवा केंद्र झाल्यापासून हुबळीची फेरी वाचली आहे. देशात कुठूनही अर्ज करता येत असल्याने चंदगड किंवा गडहिंग्लजच्या माणसालाही बेळगावचे केंद्र निवडता येते. पोलिस तपासणी मात्र अर्जातल्या पत्त्यावरच होते. प्रौढांसाठी ३६ पानी पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये आहे, तत्काळसाठी आणखी २,००० रुपये भरावे लागतात, आणि पासपोर्टची मुदत दहा वर्षे असते. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो.

ज्यांच्याकडे जुना पासपोर्ट आहे, त्यांनी तो कपाटातून काढून शेवटची तारीख पाहावी. पुष्कळ देश प्रवेशाच्या दिवसापासून पुढे सहा महिने मुदत शिल्लक असण्याची अट घालतात. त्यामुळे मार्चमध्ये संपणारा पासपोर्ट डिसेंबरच्या सहलीला निरुपयोगी ठरतो, त्यावर छापलेली तारीख काहीही म्हणो. दोन पाने कोरी आहेत ना, शिवण सुटलेली नाही ना, पावसाळ्यात दमट कपाटात राहून छायाचित्राच्या पानावर डाग पडलेला नाही ना, हेही पाहावे. आपल्याकडचा पाऊस कागदांना क्षमा करत नाही.

आता खरा विषय. सीमाभागातल्या मराठी माणसाचे नाव तीन हातांतून गेलेले असते. मराठी शाळेतल्या गुरुजींनी दाखल्यावर लिहिलेले, कानडी कार्यालयातल्या संगणकावर चढलेले, आणि त्यावरून कोणीतरी इंग्रजीत उतरवलेले. माझ्या वडिलांच्या कागदांत ‘कृष्णा’ हे एकच नाव तीन प्रकारे आढळते. दाखल्यावर आपल्या उच्चाराप्रमाणे इंग्रजी ‘यू’ घालून लिहिले आहे, आधारवर कानडी उच्चाराप्रमाणे ‘आय’ घालून लिहिले आहे, आणि बँकेत शेवटचा ‘ए’च गळाला आहे. ‘गणपत’चे कानडीतून इंग्रजीत जाताना ‘गणपता’ होते, ‘संतोष’चे ‘संतोषा’ होते, आणि ‘ज्ञानेश्वर’ हा ‘डी’ने सुरू करायचा की ‘जे’ने, यावर दोन सख्ख्या भावांच्या कागदांतही एकमत नसते. त्यात भर म्हणजे कर्नाटकातल्या अनेक नोंदींत आडनाव आधी किंवा नुसते आद्याक्षर असते, तर मराठी पद्धतीत स्वतःचे, वडिलांचे आणि मग आडनाव येते.

यावर उपाय असा, की पासपोर्टचा अर्ज भरण्यापूर्वी जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला, आधार आणि पॅन हे तिन्ही कागद शेजारी ठेवून इंग्रजी स्पेलिंग एकेका अक्षराने वाचावे. फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करावे. मात्र आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणून ती संधी घाईत खर्च करू नये. अर्जात आडनावाच्या रकान्यात फक्त आडनाव लिहावे आणि दिलेल्या नावाच्या रकान्यात स्वतःचे आणि वडिलांचे नाव लिहावे. आडनावाचा रकाना रिकामा सोडण्याची सवय काही गावांत आहे, ती टाळावी. एकेरी नावाचे पासपोर्ट संयुक्त अरब अमिरातींनी २०२२ पासून नाकारायला सुरुवात केली, आणि दुबईमार्गे जाणाऱ्यालाही त्याचा त्रास होऊ शकतो. जन्मस्थान म्हणून जुन्या पासपोर्टवर ‘बेळगाव’चे इंग्रजी रूप असते आणि नोव्हेंबर २०१४ च्या नामांतरानंतरच्या पासपोर्टवर ‘बेळगावी’चे. दोन्ही पासपोर्ट आपापल्या मुदतीपर्यंत वैध असतात, पण परदेशी अर्जात मात्र पासपोर्टवर जसे छापले आहे तसेच लिहावे.

लग्नानंतर आडनाव बदललेल्या, पण पासपोर्ट माहेरच्या नावाचा असलेल्या भगिनींनी तिकीट माहेरच्याच नावाने काढावे. नवऱ्याचे आडनाव लावून काढलेले तिकीट त्यांच्यासाठी परक्याचे तिकीट ठरते.

पासपोर्टवर ‘ईसीआर’ असेल तर

दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर बहुधा ‘इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’ असा शेरा असतो. थायलंड, मलेशिया आणि इंडोनेशिया हे सहलीचे लोकप्रिय देशही त्या १८ देशांच्या यादीत आहेत, जिथे अशा व्यक्तीला नोकरीसाठी जाताना सरकारची वेगळी मंजुरी घ्यावी लागते. पर्यटनासाठी ही मंजुरी लागत नाही, परंतु परतीचे तिकीट जवळ हवे, आणि अधिकारी दोन प्रश्न जास्त विचारील हे गृहीत धरावे. अशा वेळी गडबडून जाऊ नये. शेती आहे, मुलाबरोबर आठ दिवस फिरायला चाललो आहे, हे साध्या हिंदीत सांगितले तरी चालते. पन्नाशी ओलांडलेल्यांना, तसेच प्राप्तिकर भरणाऱ्यांना, हा शेरा काढून घेता येतो, आणि नवा पासपोर्ट काढताना तो काढून घेणेच शहाणपणाचे.

याच अनुषंगाने एक इशारा. पर्यटक म्हणून पाठवतो, तिथे गेल्यावर काम लावून देतो, असे म्हणणारा दलाल नात्यातला असला तरी त्याला दारातूनच परत पाठवावे. पर्यटक म्हणून मिळालेल्या व्हिसामुक्त प्रवेशावर काम करता येत नाही.

तिकीट, मुक्काम आणि विमानतळापर्यंतची वाट

परतीचे किंवा पुढच्या देशाचे तिकीट नसेल, तर विमान कंपनी बसू देत नाही, कारण परदेशातून परत पाठवलेल्या प्रवाशाला आणण्याचा भार तिच्यावरच पडतो. मुक्कामाचे आरक्षण सगळ्या रात्रींचे असावे. नातेवाइकाकडे उतरणार असाल, तर त्याचा पत्ता, फोन आणि निमंत्रणाचे पत्र जवळ ठेवावे.

बेळगावच्या सांबरा विमानतळावरून आंतरराष्ट्रीय उड्डाणे नाहीत. त्यामुळे मुंबई, बेंगळुरू किंवा गोवा यांपैकी एक निवडावे लागते. सांबऱ्याहून मुंबईचे विमान आणि मुंबईहून परदेशाचे विमान अशी दोन वेगळी तिकिटे काढली, तर पहिले विमान उशिरा आल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. अशा वेळी मध्ये पूर्ण रात्र ठेवावी, किंवा राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने आदल्या रात्रीच निघून सकाळी बेंगळुरू गाठावे आणि संध्याकाळनंतरचे विमान निवडावे. गोव्याला जाणाऱ्यांनी तिकिटावर दाबोळी आहे की मोपा, हे डोळ्यांत तेल घालून वाचावे. ही दोन टोकांची दोन विमानतळे आहेत. पावसाळ्यात चोर्ला घाटात दरड कोसळून वाट बंद होते, म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये घाटासाठी नेहमीपेक्षा तीन तास जास्त हाताशी ठेवावेत.

मोबाईलवर भरायचे कार्ड

व्हिसा नसला तरी आगमनापूर्वी एक डिजिटल कार्ड भरावे लागते. मलेशियाचे ‘एमडीएसी’ आणि थायलंडचे ‘टीडीएसी’ पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचे असते. थायलंडने ते १ मे २०२५ पासून सक्तीचे केले आहे. मालदीवचा ‘इमुगा’ अर्ज ९६ तासांच्या आत भरतात, आणि परत निघतानाही तो पुन्हा भरावा लागतो. ही कार्डे विनाशुल्क आहेत. पैसे मागणारे पान उघडले, तर ते सरकारी नव्हे, शोधयंत्रात वर जाहिरात देऊन बसलेल्या मध्यस्थाचे असते. कार्डातला पासपोर्ट क्रमांक टंकताना शून्य आणि ‘ओ’ यांची गल्लत होते, म्हणून घरातल्या दुसऱ्या माणसाकडून तो वाचून घ्यावा. आलेल्या क्यूआर कोडची छापील प्रत काढावी, कारण परदेशात उतरताक्षणी मोबाईलला नेटवर्क मिळेलच असे नाही.

पैसा आणि कागदांची फाईल

परदेशी अधिकारी खर्चाची सोय विचारू शकतो. बँकेचे पासबुक कानडी शिक्क्याचे असते आणि त्यातल्या नोंदी परक्या माणसाला कळत नाहीत, म्हणून शाखेतून तीन महिन्यांचे इंग्रजी खातेपत्रक सही-शिक्क्यासह घ्यावे. परकीय चलन अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे आणि त्याची पावती जपून ठेवावी. एका प्रवासात रोख स्वरूपात ३,००० अमेरिकी डॉलरपर्यंत चलन नेता येते, बाकीचे कार्डावर घ्यावे. भारतीय रुपये २५,००० पर्यंत जवळ ठेवण्याची मुभा आहे, आणि परत आल्यावर टॅक्सीला तेच उपयोगी पडतात.

प्रत्येक माणसाची फाईल वेगळी करावी. कुटुंबप्रमुखाच्या पिशवीत सगळ्यांचे कागद, ही आपली जुनी सवय इमिग्रेशनच्या रांगेत घोटाळा करते, कारण तिथे एकेकाला वेगळ्या खिडकीवर बोलावतात. आई किंवा वडील यांपैकी एकच जण मुलाला घेऊन जात असेल, तर दुसऱ्याचे संमतीपत्र नोटरी करून बरोबर ठेवावे.

बॅगेत काय नसावे

बेळगावचा कुंदा परदेशातल्या पाहुण्यांना नेण्याचा मोह प्रत्येकाला होतो, पण दुधाच्या पदार्थांवर अनेक देशांत निर्बंध आहेत. नियम पाहूनच डबा भरावा, आणि भरलाच तर विचारल्यावर तो लपवू नये. खसखस आखाती देशांत आणि सिंगापुरात अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते, आणि मसाल्याच्या घरगुती डब्यात ती असते हे घरच्या माणसालाही पटकन आठवत नाही. तंबाखू-गुटखा घरीच राहू द्यावा. मालदीवमध्ये दारू, डुकराचे मांस आणि पूजेच्या मूर्ती नेता येत नाहीत, तेव्हा आईच्या बॅगेतली बोटभर उंचीची गणपतीची मूर्ती घरीच काढून ठेवण्यास सांगावे. रोजची औषधे डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह मूळ वेष्टनातच न्यावीत.

खिडकीपाशी

प्रश्न बहुधा चारच असतात: कशासाठी आलात, किती दिवस, कुठे उतरणार, परत कधी. उत्तर तेवढेच आणि कागदाशी जुळणारे द्यावे. गटाने गेलेल्यांपैकी एकाने चार रात्री आणि दुसऱ्याने सहा रात्री सांगितल्या, की दोघांनाही बाजूला बसवतात.

शिक्का मिळाल्यावर खिडकी सोडण्यापूर्वी त्यावरची शेवटची तारीख वाचावी. उतरण्याचा दिवस हा साधारणपणे पहिला दिवस धरतात. मध्यरात्रीनंतर पाच मिनिटांनी उतरलात, तरी तो अख्खा दिवस मोजला जातो. थायलंडमध्ये मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास दर दिवशी ५०० बाथ दंड बसतो आणि तो २०,००० बाथपर्यंत चढतो. शिक्क्यावरची तारीख आणि परतीच्या तिकिटावरची तारीख जुळत नसेल, तर तिथेच त्या अधिकाऱ्याला नम्रपणे दाखवावी, कारण खिडकी सोडून सामानाच्या पट्ट्यापाशी गेल्यावर ती दुरुस्त करून घेणे फार कठीण जाते.